तंगुसाची बखर

गेल्या वर्षभरात आमच्या ऑफिसातल्या तिघांनी बेटकास्टिंग रीळ विकत घेतलं. तिघांनीही बॉक्स उघडल्या उघडल्या मला एकच प्रश्न विचारला, "यात दोरा कुठला भरू? मोनो, फ्लुरो की ब्रेड?" या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत देता येतं आणि शेवटी मी ते देणारही आहे. पण सरळ उत्तर देऊन मोकळं व्हायचं तर वीकेंड कशासाठी असतो? तेव्हा आधी इतिहास. घाई असेल त्यांनी खाली स्क्रोल करावं, राग नाही :)

ज्यांच्या लेखी गळ म्हणजे काठी, दोरा आणि गांडूळ, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. नेहमीच्या स्पिनिंग रिळात दोऱ्याचा स्पूल जागचा हलत नाही, दोरा त्याच्या तोंडावरून वेटोळी सोडत निघून जातो. बेटकास्टिंग रिळात मात्र फेकताना स्पूल स्वतः गरागरा फिरतो. आमिष हवेत मंदावलं आणि स्पूल आपल्याच तंद्रीत फिरत राहिला, की दोऱ्याचा असा काही गुंता होतो की सोडवता सोडवता भरती येऊन ओहोटी लागते. अमेरिकेत याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. म्हणजे एका टोकाला आमिष आणि दुसऱ्या टोकाला स्पूल, आणि दोघांचा वेग सारखा ठेवायची जबाबदारी तुमच्या अंगठ्याची. सिंक्रोनायझेशनचा प्रॉब्लेम, दुसरं काय!

हे यंत्र घड्याळजींचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीमधल्या पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर नावाचा एक घड्याळजी होता. घड्याळातली चाकं जुळवणाऱ्या या माणसाने मूठ एकदा फिरवली की स्पूल अनेकदा फिरेल असं पितळी रीळ केलं, आणि ते खास तिथल्या ब्लॅक बास माशासाठी. पुढे १८९०च्या दशकात विल्यम शेक्सपिअर (होय, हेच नाव, नाटकांशी संबंध नाही) या मिशिगनमधल्या माणसाने दोरा स्पूलवर आपोआप एकसारखा गुंडाळणारी यंत्रणा आणली. विसाव्या शतकात सगळ्यात गाजलेलं बेटकास्टिंग रीळ काढलं स्वीडनच्या आबू कंपनीने, १९५०च्या दशकात. ही कंपनीही मुळात घड्याळं आणि टॅक्सीमीटर बनवणारी. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीमीटरचा धंदा बसला, म्हणून ती रिळांकडे वळली.

पण यंत्र कितीही अचूक असलं तरी दोरा कुजका. स्नायडरच्या रिळावर असायचा रेशमाचा दोरा. तो गळ टाकून घरी आल्यावर रिळावरून उलगडून वाळवावा लागे, नाहीतर काही दिवसांत सडायचा. दोरा वाळवायला लाकडी चरखे विकत मिळत. हौशी माणसाला ही एक कटकट. आपल्याकडे रत्नागिरीत हीच गोष्ट पोटापाण्याची होती.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या खारवी, गाबीत, दालदी, भोई या मासेमार समाजांची जुनी जाळी तागाची, म्हणजे सणाची, आणि नंतर सुताचीही. सूत घरी कातायचं, पीळ द्यायचा, जाळं विणायचं. मग ऐनाची साल उकळून त्या लालसर पाण्यात जाळं बुडवायचं. सालीतल्या टॅनिनमुळे कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना जरा आळा बसतो. 'जरा'च, म्हणून हे काम पुन्हा पुन्हा. शिवाय समुद्रातून आलं की जाळं किनाऱ्यावर पसरून वाळवायचं. एक गंमत सांगतो. ताग, अंबाडी, कापूस हे धागे ओले झाले की कमकुवत होत नाहीत, उलट त्यांची ताकद वाढते. आणि नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की साधारण १० ते १५ टक्के ताकद गमावतं. म्हणजे त्याच दिवसापुरता विचार केला तर आजीआजोबांचा दोरा काही वाईट नव्हता. प्रॉब्लेम दुसऱ्या दिवसाचा होता.

आता शब्दाकडे वळू. आमचं आजोळ रत्नागिरीचं. तिथे मामा नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याला नायलॉन म्हणत नाही, तंगूस म्हणतो. 'वाव-दोन वाव तंगूस दे रे.' मुंबईत माळेचे मणी ओवणाऱ्या बायकाही तंगूसच म्हणतात. हा शब्द मला लहानपणापासून अस्सल कोकणी वाटायचा. मग कळलं की श्रीलंकेत सिंहली लोक याच दोऱ्याला 'तंगुस्' म्हणतात आणि तमिळमध्ये तो 'तंगूसी'. आणि जपानीत गळाच्या पारदर्शक दोऱ्याला म्हणतात 'तेगुसु'!

हा तेगुसु म्हणजे मुळात रेशमाच्या किड्याची तार. किडा कोष विणायच्या बेतात असताना त्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी काढायची, आंबट द्रावात मुरवायची आणि हाताने ताणायची. तिची काचेसारखी पारदर्शक, चिवट तार होते. ही तार चीनमधून जपानमध्ये गेली आणि एदो काळात तिथल्या मासेमारांनी ती गळाला बांधली. युरोपात हाच उद्योग स्पेनच्या मुर्सिया भागात चाले आणि तिथून ती इंग्रज हौशी मंडळींकडे जाई. एका किड्यातून निघणारी तार फार तर हात-दीड हात, म्हणून तुकड्याला तुकडा गाठ मारून जोडायचा. जपानी, सिंहली, तमिळ आणि मराठी हे चार शब्द शेजारी शेजारी ठेवले की एकाच घरचे वाटतात. हा माझा तर्क, शब्दकोशाचा दाखला नव्हे. पण तो बरोबर असेल तर मामाच्या तोंडी चीन-जपानच्या रेशमाच्या किड्याचं नाव आहे आणि त्याच्या हातात मात्र अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतला दोरा!

त्या प्रयोगशाळेत, म्हणजे ड्यूपाँट कंपनीत, २८ फेब्रुवारी १९३५ रोजी वॉलेस कॅरोदर्सच्या चमूने नायलॉन बनवलं. कॅरोदर्स नैराश्याने ग्रासलेला होता. एप्रिल १९३७ मध्ये त्याने आत्महत्या केली. आपल्या शोधाचं पुढे काय झालं हे त्याने पाहिलंच नाही. १९३८ मध्ये टूथब्रशचे केस आले, मे १९४० मध्ये अमेरिकाभर बायकांचे मोजे, मग महायुद्धात पॅराशूट आणि दोरखंड. त्याच धांदलीत मासेमारीचा एकपदरी दोरा, म्हणजे मोनोफिलामेंट, बाजारात आला. सुरुवातीचा मोनो ताठ आणि हट्टी होता. बेटकास्टिंग रिळावर तर तो स्प्रिंगसारखा उसळायचा, त्यामुळे बास पकडणारी मंडळी बरीच वर्षं विणलेल्या दोऱ्यालाच चिकटून राहिली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस मऊ मोनो आला तेव्हा कुठे ती बधली.

आपल्याकडे मात्र नायलॉनला कुणी नाकं मुरडली नाहीत. स्वातंत्र्यानंतर कोकणात होड्यांना इंजिनं बसू लागली, सरकारी योजना आणि सहकारी संस्थांमधून नायलॉनचं सूत येऊ लागलं. आधी आयात, मग देशी. १९७६ साली गरवारे-वॉल रोप्स सुरू झाली (२०१८ पासून तिचं नाव गरवारे टेक्निकल फायबर्स) आणि समुद्राच्या जाळ्यांचा तिचा मोठा कारखाना कुठे, तर वाईला! कृष्णेकाठी ढोल्या गणपतीच्या गावात. असो.

ज्या घरात अर्धा वेळ जाळं वाळवण्यात, ऐनाच्या काढ्यात बुडवण्यात आणि सांधण्यात जायचा, तिथे न कुजणारं जाळं म्हणजे केवढी सुटका! याबद्दल शहरात बसून हळहळणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कुजकं जाळं भर समुद्रात फाटणं म्हणजे त्या घराची चूल विझणं. ते ज्याला परवडत होतं त्याने खुशाल जुन्याचे गोडवे गावेत.

तरीही हिशोबाची दुसरी बाजू आहेच. जुन्या जाळ्याला विश्रांती लागायची, म्हणून समुद्रालाही मिळायची. नायलॉनला विश्रांती लागत नाही. नायलॉनचं जाळं हलकं, म्हणून मोठं करता येतं. एकट्या नायलॉनने सगळं केलं असं नाही. इंजिन होतं, बर्फ होता, कोळंबीची निर्यात होती. पण आधी जी मर्यादा धागा घालत होता ती मग कायद्याला घालावी लागली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा (शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही त्याच वर्षीचं). १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने निर्बंध आले, आणि त्यावरून मिरकरवाड्यात किती तापलं हे रत्नागिरीकरांना सांगायला नको.

आमच्या भाषेत सांगायचं तर तागाच्या दोऱ्यात गार्बेज कलेक्शन होतं. हरवलेलं जाळं, तुटलेला गळ, सगळं समुद्र आपोआप साफ करायचा. नायलॉन म्हणजे मेमरी लीक. प्रोग्राम संपला तरी जागा सुटत नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या अंदाजाने मोनोफिलामेंट नाहीसा व्हायला सुमारे ६०० वर्षं लागतात. शिवाजी महाराजांच्या काळात कुणी तंगूस टाकला असता तर तो आजही गळाला लागला असता, आणि पुढची दोनअडीचशे वर्षंही लागत राहिला असता.

याच रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली, हे तुम्हाला माहीत असेलच. किनाऱ्यावर घरटी जपायची आणि समुद्रात त्याच कासवांची मोठी पिढी जाळ्यात अडकायची, असा तो प्रकार. जाळं कापलं तर कासव वाचतं, पण मासेमाराचं जाळं जातं. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने यावर एक साधी योजना आणली. कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. भावनिक आवाहन नाही, थेट जाळ्याची किंमत.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेतला ब्लॅक बास आपल्याकडे नाही. पण रत्नागिरीच्या खाड्यांत जिताडा आहे. इंग्रजीत त्यालाही सीबास म्हणतात. नातं नावापुरतंच, पण सवय तीच: आडोशाला दबा धरायचा आणि झडप घालायची. भाट्याची खाडी असो की जयगडची, त्याचा आडोसा म्हणजे कांदळवनाची मुळं आणि कालवांनी भरलेले खडक. त्याच्या कल्ल्याची कडही धारदार. तर:

मोनो (नायलॉन): स्वस्त, ताण दिला की लांबतो, त्यामुळे झटका सोसतो. पण त्याला 'मेमरी' असते, स्पूलची वेटोळी लक्षात ठेवतो. नवशिक्याने हाच भरावा, १५ पौंडांच्या आसपासचा. घरटं झालं तर कापून टाकताना जीव जळत नाही.

फ्लुरोकार्बन: १९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने आणला. पाण्याजवळचा अपवर्तनांक, म्हणून कमी दिसतो. नायलॉनपेक्षा जड, लवकर बुडतो, घासणं सोसतो. पण ताठ. पूर्ण स्पूल भरू नका, शेवटचा वाव-दीड वाव लीडर म्हणून बांधा. जिताड्यासाठी ४० पौंडांच्या खाली नको.

ब्रेड: १९९०च्या दशकात आलेला विणलेला पॉलिथिलीनचा दोरा. बारीक, जवळजवळ न ताणणारा, पाणी न पिणारा. मुळांतून मासा ओढून काढायला हाच. पण कालवाला घासला की गेलाच, म्हणून पुढे लीडर हवाच. बेटकास्टिंग रिळात फार बारीक ब्रेड नको, ताणाखाली तो स्वतःच्याच वेटोळ्यांत रुततो. ३० ते ४० पौंडांचा बरा. आणि स्पूलवर आधी थोडा मोनो गुंडाळा, नाहीतर सगळा ब्रेड गुळगुळीत धातूवरून घसरत राहील.

थोडक्यात, शिकताना मोनो; हात बसला की ब्रेड आणि पुढे फ्लुरोचा लीडर.

राहता राहिल्या दोन गोष्टी. एक, जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर त्याची मादी होते. म्हणजे फोटोसाठी सगळ्यात देखणा दिसणारा मोठा जिताडा बहुतेक अंडी घालणारी मादी असते. फोटो काढा आणि सोडा. त्यासाठीही जाड दोरा बरा, मासा लवकर हाताशी येतो आणि दमून मरत नाही. दोन, कापलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. वीतभर असला तरी. बारीक बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका, म्हणजे कुठल्या पक्ष्याच्या पायात अडकणार नाही. ऐनाच्या सालीत जाळं बुडवण्यापुढे हे काम काहीच नाही.

चला, उद्या सोमवार. डिप्लॉयमेंट आहे.