'गॅसलाइट'चे दोन अवतार

जुन्या यशस्वी चित्रपटाची नवी आवृत्ति निघाली म्हणजे रसिकांनीं दोहोंची तुलना करावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु तुलनेसाठीं दोन्ही कृति समोर असाव्या लागतात. त्यांपैकीं पहिली कोणाच्या दृष्टीसच पडूं नये अशी तजवीज दुसरीच्या निर्मात्यांनीं केली असेल, तर प्रश्न केवळ अभिरुचीचा न राहतां इतिहासाचा होतो. 'गॅसलाइट' या एकाच नांवाच्या दोन रहस्यप्रधान बोलपटांची हकीकत अशीच आहे.

मूळ नाटक पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचें; तें १९३८ सालीं इंग्लंडांत रंगभूमीवर आलें. त्यावरून थोरोल्ड डिकिन्सन यानें १९४० सालीं ब्रिटनमध्यें बोलपट काढला. पुढें मेट्रो-गोल्डविन-मेयर या हॉलिवूडच्या बलाढ्य कंपनीनें हक्क विकत घेतले आणि १९४४ सालीं जॉर्ज क्यूकर याच्या दिग्दर्शनाखालीं तोच विषय पुन्हां पडद्यावर आणला.

कथेचें बीज असें : एका स्त्रीचा रत्नांसाठीं तिच्याच घरांत खून होतो, रत्नें मात्र खुन्याच्या हातीं लागत नाहींत. कांहीं वर्षांनीं तोच मनुष्य पत्नीसह त्या घरांत राहावयास येतो आणि रात्रीं बाहेर जाण्याचें निमित्त करून बंद ठेवलेल्या वरच्या मजल्यावर शोध करीत राहतो. तेथील गॅसचा दिवा त्यानें लावला कीं नळांतील दाब कमी होऊन खालच्या दिव्यांची ज्योत मंदावते. ती मंदावलेली पत्नीला दिसते, वर पावलें वाजलेलीं ऐकूं येतात. पण तिचें म्हणणें खरें मानणारें घरांत कोणी नाहीं. शिवाय पति स्वतःच वस्तु लपवितो आणि त्या तिनेंच हरवल्या असें तिला पटवितो. बिचारीला आपल्याच बुद्धीचा भरंवसा वाटेनासा होतो.

डिकिन्सनचा चित्रपट ८४ मिनिटांचा. प्रारंभींच खून होतो, खुर्च्यांच्या गाद्या फाडल्या जातात, आणि नवरा दुष्ट आहे याविषयीं प्रेक्षकाला फार वेळ संशयांत ठेविलेलें नाहीं. अँटन वॉलब्रुकचा नवरा थंड, करारी आणि उघड क्रूर आहे. डायना विनयार्डची पत्नी पहिल्यापासूनच अर्धी मोडलेली दिसते. येथें व्हिक्टोरियाकालीन गृहस्थाची निरंकुश सत्ता हाच खरा विषय आहे. पत्नीच्या मदतीस येतो तो एक वयस्क, निवृत्त पोलीस अधिकारी. त्याचें एकमेव शस्त्र म्हणजे वर्षांमागें पाहिलेला एक चेहरा न विसरणारी स्मृति.

क्यूकरचा चित्रपट ११४ मिनिटांचा. वाढलेल्या अर्ध्या तासांत मुख्यतः प्रेम आलें आहे. नायिका खून झालेल्या गायिकेची भाची, घर तिच्या वारशाचें, आणि इटलींत जडलेल्या प्रीतीनंतरचा तो विवाह. त्यामुळें विश्वासघात अधिक खोल जातो. पाहुण्यांनीं भरलेल्या संगीताच्या बैठकींत पति आपलें घड्याळ पत्नीच्या पिशवींतून काढतो, हा प्रसंग दोन्ही चित्रपटांत आहे. वॉलब्रुक तेथें शिक्षा देणाऱ्या मालकासारखा वागतो. चार्ल्स बॉयर दुःखी प्रियकरासारखा, आणि म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो. इंग्रिड बर्गमनचा सुदृढ, तेजस्वी चेहरा हळूहळू कोमेजतांना पाहणें हा विलक्षण अनुभव आहे. तिला मिळालेलें ऑस्कर पारितोषिक सर्वथा योग्य होतें. उलट, वृद्ध पोलिसाच्या जागीं आणलेला जोसेफ कॉटनचा देखणा तरुण अधिकारी ही हॉलिवूडची रूढ सोय झाली. गुणांचा जमाखर्च मांडला तर नटीचें श्रेय दुसऱ्या चित्रपटास आणि घराच्या वातावरणाचें श्रेय पहिल्यास द्यावें लागेल.

परंतु हा जमाखर्च मांडतां येऊं नये असाच कंपनीचा बेत होता. पहिल्या चित्रपटाच्या प्रती व मूळ फिल्म नष्ट करण्याचा तिचा आग्रह होता, असें चित्रपटांचे इतिहासकार नमूद करतात. एक प्रत डिकिन्सननें गुप्तपणें राखली, असेंही सांगतात. ही वृत्ति एकाच चित्रपटापुरती नव्हती. 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'ची १९४१ सालची आवृत्ति काढतांना याच कंपनीनें पॅरामाउंटचा १९३१ सालचा बोलपट विकत घेऊन दृष्टीआड केला होता. सुदैवानें दोन्ही जुने चित्रपट वांचले. डिकिन्सनचा 'गॅसलाइट' १९५२ सालीं 'एंजल स्ट्रीट' या परक्या नांवानें अमेरिकेंत प्रदर्शित झाला.

खरा न्याय मिळाला तो घरीं पाहावयाच्या तबकडीमुळें. २००४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या डी.व्ही.डी.च्या एका बाजूस १९४४ चा आणि दुसऱ्या बाजूस १९४० चा चित्रपट होता. २०१३ सालीं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनेंही मूळ चित्रपट तबकडीवर प्रसिद्ध केला. ज्याला दडपावयाचें होतें, तो दडपणाऱ्याच्याच पाठीला पाठ लावून वाचकांच्या घरीं पोंचला.

दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या अनुभवाविषयींच शंकित करण्याच्या कपटास इंग्रजींत आतां या चित्रपटाचेंच नांव पडलें आहे. २०२२ सालीं मेरियम-वेबस्टर या कोशानें 'गॅसलाइटिंग' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. कथेंतील स्त्रीची सुटका कशानें होते, हें या संदर्भांत ध्यानांत घेण्यासारखें आहे. कॉटनचा अधिकारी तिच्या शेजारीं उभा असतां ज्योत मंदावते, आणि तीं मंदावलेली त्यालाही दिसते. एवढ्यानेंच तिला आपलें शहाणपण परत मिळतें. एखादा जुना चित्रपट पाहिल्याचें सांगणाऱ्या मनुष्यास प्रतच उरली नसेल, तर तो काय दाखविणार? म्हणून जुन्या प्रती जपणें हा हौशी संग्राहकांचा छंद नसून इतिहासाची गरज आहे. क्यूकरचा चित्रपट पूर्वीच्या चित्रपटाशेजारीं उभा राहूनही उणा ठरत नाहीं. त्याच्या रक्षणासाठीं दुसऱ्याचा नाश करण्याचें कारणच नव्हतें.