प्लेगच्या सालातील दोन मरणे

साथीचा इतिहास लिहिताना मृतांची संख्या सापडते. कोण कोणाच्या उशाशी बसले, हे सहसा सापडत नाही. कामगार चळवळीला हा दुसरा हिशेब ठेवलाच पाहिजे.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये भडकलेला प्लेग जहाजांबरोबर जगभर फिरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मग घरांच्या झडत्या आणि रोग्यांची सक्तीने उचल सुरू झाली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आपला माणूस शिपायांनी उचलून न्यावा, अशा ठिकाणच्या औषधावर विश्वास कसा बसावा? पिसवांतून प्लेग पसरतो हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. तोवर हुकूम काढणारेही अंधारातच होते.

लोक लाखांनी गावी निघून गेले. गिरण्यांना मजूर मिळेनात. महिन्याचा पगार थकविणारे मालक रोजच्या रोज रोकड मोजू लागले, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढीने बोली लागली. श्रमाची किंमत पुस्तकाने नव्हे, साथीने शिकविली!

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईतच राहिले. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवणारे आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळविणारे हे गृहस्थ. त्यांनी मराठ्यांसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यास हात घातला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी स्वतःच प्लेगने गेले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगतात.

दोघेही सत्यशोधक. तरी एक गोष्ट झाकू नये. मुंबईत त्या काळी जमातवार इस्पितळे निघाली. आपल्या माणसांची सेवा झाली, पण मदत बहुधा जातीच्या उंबरठ्याशी थांबली. सावित्रीबाईंनी तो उंबरठा ओलांडला. संघटनेची खरी कसोटी तीच होय.

२०२० साली मजूर पुन्हा शहर सोडून पायी निघाले, तेव्हा वस्त्यावस्त्यांत चुली पेटल्या. जेथे आधीपासून मंडळ, युनियन, ओळख होती, तेथे शिधा लवकर पोहोचला. विश्वास साथीच्या दिवसांत विकत मिळत नाही. तो सुकाळातच वर्गणीसारखा, थोडा थोडा जमवावा लागतो.