शरणपूर रोडवरची पोरं आणि आफ्रिकेतली एक अंत्ययात्रा

शरणपूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये एकदाही अडकला नाही, असा नाशिककर दाखवा. पण ‘शरणपूर’ म्हणजे काय, हे कितीजणांनी कधी विचारलंय? शरण आलेल्यांचं गाव. आणि इथे शरण आलेल्यांत आफ्रिकेतली लहान लहान मुलंही होती. ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही, पत्रकारितेच्या डिप्लोमातही नाही. आज सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

गोष्ट सुरू होते मुंबईत. 1829 साली डॉ. जॉन विल्सन नावाचा स्कॉटिश पाद्री तिथे उतरला. हा प्रेस्बिटेरियन पंथाचा. या पंथात बिशप नसतो, मंडळीतून निवडलेले वडीलधारे कारभार पाहतात. आपल्याकडच्या पंचांसारखंच म्हणा. ज्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभं राहिलं, ती याच माणसाची.

विल्सन धर्मांतर करायलाच आला होता, हे आधी स्पष्ट सांगतो. उगाच गोड गोड इतिहास नको. पण त्याची वाद घालायची रीत बघा. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांशी त्याचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तिका लिहिली. विल्सनने 1832 मध्ये त्याला उत्तर छापलं, आणि त्या पुस्तकात आपल्या उत्तराच्या आधी मोरभटांच्या पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर दिलं. म्हणजे विरोधकाचं म्हणणं आधी, आपलं नंतर. आज व्हॉट्सॲपवर भांडणारे आपण, समोरच्याचा पूर्ण मेसेज तरी वाचतो का?

हाच विल्सन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा अध्यक्ष होता. 1848 साली पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या अभ्यासासाठी आयोग नेमला गेला, त्याचाही अध्यक्ष तोच. ज्या धर्मांचं खंडन करायचं, त्यांचे ग्रंथ आणि लेणी मात्र मन लावून वाचायची, असा त्याचा स्वभाव.

त्याच्या भोवती जमलेल्या मंडळीत पारशी होते, ब्राह्मण होते, पार ॲबिसिनियातून आलेले तरुणही होते. पण हे सगळं शांततेत झालं नाही. 1839 मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर हादरलं. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात आला. पण त्याला जातीत परत कोण घेणार? तेव्हा बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आपण 6 जानेवारीला ज्यांच्या फोटोला हार घालतो ते ‘दर्पण’कार. एका पोरासाठी त्यांनी कर्मठांचा रोष अंगावर घेतला. माझ्या लेखी त्यांचं हे काम ‘दर्पण’इतकंच मोठं आहे.

आता नाशिककडे येतो.

1850 च्या दशकात इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवलं. ही अँग्लिकन मंडळी, म्हणजे विल्सनपेक्षा वेगळा पंथ. तेव्हा अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडत असे. सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात. त्यातली कित्येक नाशिकला आली. इथे ती लिहायवाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली.

याच सुमारास, 1864 मध्ये, डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला. सोबत चुमा आणि विकाटानी ही दोन आफ्रिकन पोरं. दोघं गुलामीतून सुटलेली. त्याने त्यांना विल्सनकडे शिकायला ठेवलं. पुढच्या वर्षी तो परत आला. विल्सनने चुमाला बाप्तिस्मा दिला आणि जानेवारी 1866 मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेकडे निघाला. बरोबर ही दोन पोरं, आणि आपल्या नाशिकच्या शाळेतली नऊ.

सुरुवातीला लिव्हिंग्स्टन डायरीत या ‘नासिक बॉइज’च्या नावाने कुरकुरच करतो. आळशी आहेत, ऐकत नाहीत वगैरे. 1872 मध्ये नाशिकला शिकलेली आणखी काही मुलं त्याच्याकडे पोचली. त्यात होता जेकब वेनराइट.

1 मे 1873 च्या सुमारास, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. भोवती एकही गोरा माणूस नव्हता. सोबत्यांनी ठरवलं, याला त्याच्या माणसांत पोचवायचं. त्याचं हृदय त्यांनी तिथेच झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. झाडावर नाव-तारीख त्यानेच कोरली. मग देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि निघाले. हजार मैलांहून जास्त चाल. वाटेत टबोराजवळ भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने सुचवलं, इथेच पुरा. ते ऐकले नाहीत. फेब्रुवारी 1874 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर बागामोयोला पोचले.

यात पुढे कोण होतं बघा. चुमा, मुंबईच्या प्रेस्बिटेरियन विल्सनच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला. जेकब, नाशिकच्या अँग्लिकन शाळेतला. आणि अब्दुल्ला सुसी, जो ख्रिस्ती नव्हताच; त्याने बाप्तिस्मा घेतला तो थेट 1886 मध्ये. त्या वाटेवर कोण कुठल्या मंडळीचा, यावर काहीच अडलं नाही. ओझं एक होतं आणि खांदे सगळ्यांचे. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘जेकब वेनराइट’ हे नाव त्याला नंतर मिळालेलं. आईबापाने दिलेलं नाव मागे पडलं. आसरा मिळाला, शिक्षण मिळालं, पण त्याची किंमतही होती. ती लपवून या मुलांना न्याय मिळत नाही.

पुढे 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन वगैरे पंथ एका छताखाली आले. जे त्या वाहकांनी 97 वर्षं आधी, कुठलाही ठराव न करता, करून दाखवलं होतं.

मित्रांनो, धर्माच्या नावाने आजही गावागावात कुजबुज चालते. वाद तेव्हाही होता, कोर्टापर्यंत गेला होता. पण वाद घालणारे समोरच्याचं म्हणणं छापत होते, आणि शरण आलेल्या पोराला आधी जागा देत होते. आपल्या शहराच्या एका रस्त्याच्या नावातच ते लिहिलेलं आहे. उद्या सिग्नलला थांबाल तेव्हा पाटी नीट वाचा. आणि गाडीत मागे पोरं बसली असतील, तर जेकबची गोष्ट त्यांना सांगा.