ऑर्फियसची समाधिकाव्ये व ख्रिस्ती आशा

ग्रीक पुराणकथांतील ऑर्फियस हा थ्रेस देशीचा गायक, काव्यदेवता कॅलिओपी हिचा पुत्र. त्याची वीणा ऐकून वृक्ष व पाषाण मागे चालू लागत, श्वापदे शांत होत, अशी आख्यायिका आहे. त्याच्या मृत्यूवर ग्रीक कवींनी रचलेली काही लहान समाधिकाव्ये १०व्या शतकातील पॅलाटाइन हस्तलिखिताच्या सातव्या भागात जतन झाली आहेत.

ही काव्ये परस्परांशी जुळत नाहीत. डॅमागेटस म्हणतो की, ऑर्फियसची कबर ऑलिंपस पर्वताच्या उतारावर असून त्याच्या वीणेने मृत्युलोकाच्या अधिपतीचे कठोर मनही द्रवले होते. एका निनावी काव्यात झ्यूसच्या विजेने त्याचा अंत होतो व काव्यदेवता त्यास पुरतात. दुसऱ्यात थ्रेसच्या स्त्रिया केसांत राख घालून आक्रोश करतात.

इ.स.पू. २ऱ्या शतकातील सिडोनचा अँटिपाटर मात्र अधिक खोल जातो. कॅलिओपीचा शोक वर्णून तो शेवटी विचारतो की, देवांनाही आपल्या लेकरांचा मृत्यू टाळता येत नाही, तर आपण मर्त्यांनी मुलांसाठी का रडावे? यात सांत्वन थोडे, हतबलता फार. तथापि ती प्रामाणिक आहे.

ख्रिस्तसभेने या गायकाकडे दुर्लक्ष केले नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ग्रीकांना केलेल्या आपल्या उपदेशग्रंथाच्या प्रारंभीच त्यास मूर्तिपूजेकडे नेणारा ठरविले, आणि मनुष्यरूपी श्वापदांस माणसाळविणारे नवे गीत म्हणजे ख्रिस्त, असे प्रतिपादिले. उलट रोमच्या भुयारी दफनभूमींतील चित्रकारांनी ऑर्फियसचेच रूप ख्रिस्ताचे चिन्ह म्हणून कबरींजवळ रेखाटले.

त्याच हस्तलिखितात सातव्या भागानंतर नाझियांझसच्या संत ग्रेगरींची सुमारे अडीचशे काव्ये येतात. त्यांतील बरीच मृतांविषयी आहेत. वेदीजवळ प्रार्थना करीत असता मरण पावलेल्या आपल्या मातेवर, नोन्नावर, त्यांनी पुनःपुन्हा लिहिले. ग्रेगरीही रडतात, परंतु त्यांचे अश्रू आशाहीन नाहीत.

अँटिपाटरच्या प्रश्नास शुभवर्तमान जे उत्तर देते, ते त्याच्या कल्पनेपलीकडचे आहे. देवाने आपल्या पुत्राचा मृत्यू टाळला नाही, तो सामर्थ्य नव्हते म्हणून नव्हे. त्याने पुत्रास आपणां सर्वांसाठी दिले व तिसऱ्या दिवशी उठविले. म्हणून लेकराच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या मातेस आपण 'रडू नको' असे सांगू नये. लाजराच्या कबरीकडे जाताना प्रभूही रडला. तिच्यासह रडावे, आणि मग पुनरुत्थानाची वार्ता सांगावी. हाच आमचा सेवाधर्म होय.