मधलं वर्ष कुणाचं?

इंग्लंडमधल्या अनेक विद्यापीठांत खगोलभौतिकीच्या पदवीला दोन दारं असतात. ए-लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीला, गणित आणि भौतिकशास्त्र असेल आणि श्रेणी चांगली असेल, तर तीन वर्षांची पदवी. विषय हुकले असतील, गुण कमी पडले असतील किंवा शाळा सुटून बरीच वर्षं लोटली असतील, तर त्याच पदवीच्या अलीकडे आणखी एक वर्ष लागतं. त्याचं नाव फाउंडेशन इयर. ते पार पडलं की पुढे सगळे एकाच वर्गात.

या वर्षात तारे फारसे भेटत नाहीत. बीजगणित, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन, गतीचे नियम, तरंग, विजेची मंडलं, प्रयोगवही आणि मोजमापात चूक किती धरायची याचा हिशोब, असा सगळा मामला. पण या मुक्कामाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ताऱ्यांची तेजस्विता खगोलशास्त्रात 'प्रती'त सांगतात. जुन्या ग्रीक परंपरेत डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांच्या सहा प्रती होत्या: सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. १८५६ साली नॉर्मन पॉगसन या खगोलशास्त्रज्ञाने ही उतरंड गणितात बसवली. पाच प्रतींचं अंतर म्हणजे तेजात बरोबर १०० पटींचा फरक, असं त्याने ठरवलं. म्हणजे एका प्रतीला १०० चं पाचवं मूळ, सुमारे २.५१२ पट. पहिल्या प्रतीचा तारा अकराव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा किती तेजस्वी? अंतर दहा प्रतींचं, म्हणून १०० गुणिले १००, दहा हजार पट. पण अंतर ३.७ प्रतींचं निघालं, की लॉग आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

लॉग कुणीतरी शिकवायला हवं, हे सर्वांना मान्य आहे. शाळेने की विद्यापीठाने, यावर मात्र कधीच एकमत झालं नाही. या मधल्या वर्षाचा सगळा इतिहास त्या वादाचा आहे.

इंग्लंडपुरता त्याचा उगम सापडतो तो विज्ञानाबाहेर, स्टॅफर्डशरमध्ये. स्टोक-ऑन-ट्रेंट हा चिनी मातीच्या भांड्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथल्या लाँगटनमध्ये १९०८ साली आर. एच. टॉनीने कामगारांसाठी विद्यापीठाच्या दर्जाचा संध्याकाळचा वर्ग चालवला होता. कामगार शिक्षणाच्या याच चळवळीत ए. डी. लिंडसे हा तत्त्वज्ञ मुरलेला होता. ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचं प्रमुखपद सोडून तो स्टॅफर्डशरमधल्याच कीलला आला आणि १९४९ मध्ये नॉर्थ स्टॅफर्डशरचं युनिव्हर्सिटी कॉलेज स्थापन झालं. जागा मिळाली ती एक जुनी हवेली आणि तिच्याभोवती लष्कराने युद्धकाळात टाकलेल्या बराकी. पहिले विद्यार्थी ऑक्टोबर १९५० मध्ये आले.

लिंडसेने पदवी चार वर्षांची ठेवली आणि पहिलं वर्ष सर्वांना एकच दिलं. इतिहासाला आलेला असो की रसायनाला, प्राचीन ग्रीसपासून आधुनिक विज्ञानापर्यंतची व्याख्यानं प्रत्येकाने ऐकायची आणि छोट्या गटांत बसून त्यांवर वाद घालायचा. वर्षअखेर मुख्य विषय बदलायचीही मुभा होती. साहित्य शिकायला आलेला मुलगा भौतिकशास्त्राकडे वळू शकत होता. कुणाचं काही कच्चं राहिलं म्हणून हे वर्ष नव्हतं. सतराव्या-अठराव्या वर्षीच विषयांच्या खोपटात शिरलेल्या मुलांना बाहेरचं दाखवावं, एवढाच हेतू होता.

गंमत अशी, की १९५१ मध्ये, म्हणजे कीलचे पहिले विद्यार्थी येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ए-लेव्हल परीक्षा सुरू झाली आणि तिने नेमकी उलटी दिशा धरली. सोळाव्या वर्षानंतर बहुतेक मुलं साधारण तीन विषय घेतात, बाकीचे सुटतात. इंग्लंडची तीन वर्षांची पदवी या मांडणीवरच उभी आहे. पदवीचं पहिलं वर्ष शाळेत उरकलेलं आहे, असं धरूनच विद्यापीठ शिकवायला घेतं. ज्याने सोळाव्या वर्षी गणित सोडलं, त्याला अठराव्या वर्षी आकाश बंद. स्कॉटलंडमध्ये पदवी चार वर्षांची राहिली, म्हणून तिथे ही कोंडी एवढी घट्ट झाली नाही.

चार वर्षांचा खर्च कीललाही फार काळ झेपला नाही. १९७३ पासून तिथे तीन वर्षांची पदवीही मिळू लागली आणि सामाईक वर्ष हळूहळू बाजूला पडत गेलं.

तोवर ही कल्पना दुसरीकडे रुजली होती. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीने जानेवारी १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली. प्रवेशाला कसलीच परीक्षा नव्हती, म्हणून पायाभूत अभ्यासक्रमांपासूनच आरंभ करावा लागला. विज्ञानाच्या अभ्यासक्रमाचा क्रमांक एस-१००. पुस्तिका टपालाने यायच्या, व्याख्यानं बीबीसीवर लागायची आणि प्रयोगाचं सामान, त्यात एक चिमुकला प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही, पेटीतून घरपोच यायचं. मुलं झोपल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर प्रयोगशाळा मांडायची. इथे पायाभूत वर्षाचा अर्थ बदलला. कीलमध्ये ते आत आलेल्यांची नजर रुंदावण्यासाठी होतं. ओपन युनिव्हर्सिटीत ते बाहेर राहिलेल्यांना आत घेण्यासाठी झालं.

या विद्यापीठात जोसेलिन बेल बर्नेल आधी ट्यूटर होत्या आणि १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. १९६७ मध्ये पल्सारचा पहिला संकेत त्यांनीच हेरला होता. उत्तर आयर्लंडमध्ये अकराव्या वर्षी द्यायच्या निवड-परीक्षेत त्या नापास झाल्या होत्या, आणि पुढच्या शाळेत मुलगे प्रयोगशाळेत, मुली स्वयंपाकाच्या वर्गात, अशी वाटणी होती. आईवडील शाळेशी भांडले म्हणून त्यांना विज्ञान मिळालं. असे आईवडील प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. ज्यांच्या वाट्याला ते आले नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी वाट लागते.

ती वाट सरकारने १९७८ मध्ये अधिकृत केली. प्रौढांसाठी 'अॅक्सेस' अभ्यासक्रम चालवायला काही स्थानिक शिक्षण प्राधिकरणांना सांगण्यात आलं. १९८० च्या दशकात इंजिनिअरांचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा गणित-भौतिकशास्त्र न घेतलेल्यांना वर्षभरात तयार करणारे वर्ग पॉलिटेक्निकांनी काढले. १९९२ मध्ये पॉलिटेक्निकांची विद्यापीठं झाली आणि हे वर्षही त्यांच्याबरोबर विद्यापीठात आलं. आजच्या खगोलभौतिकीच्या फाउंडेशन इयरचं नाव कीलच्या घराण्यातलं वाटलं, तरी रक्त पॉलिटेक्निकांचं आहे.

आपल्याकडची वंशावळ याहून जुनी आहे. केंब्रिजमध्ये १८२० च्या दशकापासून पदवीच्या वाटेवर 'प्रीव्हियस' नावाची परीक्षा होती. मुंबई विद्यापीठाने पुढे हेच नाव उचललं आणि जुन्या मराठी चरित्रांत 'प्रीव्हियस' आणि 'इंटर' पानोपानी भेटतात. मॅट्रिक झालेला मुलगा कॉलेजात यायचा, पण पदवीचा खरा अभ्यास सुरू व्हायला अवकाश असायचा. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालमीत घालवलं आणि त्या वर्षाच्या परीक्षेत ते नापास झाले, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पुढे गणितात पहिल्या वर्गात बी. ए. झालेल्या याच माणसाने १८९३ मध्ये वसंतसंपाताच्या गणितावर 'ओरायन' लिहिलं. वर्ष वाया जाऊनही माणूस वाया जात नाही, एवढी सवड त्या रचनेत होती.

केंब्रिजला जाणाऱ्यांना मात्र अख्खी पदवीच पायाभूत ठरायची. रँग्लर परांजपे मुंबईचे बी. एस्सी. होऊन तिथे गेले आणि १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत अव्वल, झाले. जयंत नारळीकर १९५७ मध्ये बनारसची बी. एस्सी. घेऊन गेले आणि तिथे पुन्हा पदवीच्याच ट्रायपॉसला बसले. फ्रेड हॉइल यांच्याबरोबरचं संशोधन त्यानंतरचं.

वाट बांधली नाही तर काय होतं, हेही पुण्यात दिसलं. कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि सरकारी मदतीतून सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. वर्णपटाच्या अभ्यासासाठी डब्लिनच्या ग्रबची मोठी परावर्ती दुर्बीण तिथे होती. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नेगामवालांनी जेऊरला घेतले. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला रवाना झालं. दुर्बीण चालवायला मागे कुणी तयार झालेलं नव्हतं. उलट, ग्रबचीच एक सव्वाबारा इंची दुर्बीण ऑक्सफर्डहून १९६० च्या दशकात कीलला पोचली आणि तिथे विद्यार्थ्यांच्या वापरात राहिली.

मधल्या वर्षाची ओढाताण आपल्याकडे समित्यांनी सोडवायला घेतली. सॅडलर आयोगाने १९१९ मध्ये इंटर विद्यापीठाबाहेर काढायला सांगितलं. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधाची दिशा दाखवली आणि महाराष्ट्राने १९७० च्या दशकाच्या मध्यावर तो लागू केला. अकरावी-बारावी मंडळाकडे गेली, पण बसते अजून पुष्कळ ठिकाणी कॉलेजातच: तीच इमारत, तीच प्रयोगशाळा. खटला निकाली निघाला, ताबा मात्र दोघांचा राहिला.

इंग्लंडमध्ये आता वाद पैशाचा आहे. २०१२ पासून वार्षिक शुल्क ९,००० पौंडांपर्यंत गेलं. पदवीला जोडलेलं वर्ष पदवीचाच भाग धरलं जात असल्याने त्यावर तेवढंच शुल्क आणि तेवढंच कर्ज. सरकारने मागवलेल्या २०१९ च्या ऑगर अहवालाने अशा वर्षांचं कर्ज बंद करा, स्वस्त अॅक्सेस अभ्यासक्रम पुरेत, असं सुचवलं. कर्ज राहिलं, पण २०२५-२६ पासून वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या या वर्षाला ५,७६० पौंडांची मर्यादा आली. प्रयोगशाळेचे विषय त्यातून सुटले, त्यांना त्या वर्षी पूर्ण ९,५३५ पौंडांची मुभा राहिली. केंब्रिजने २०२२ मध्ये देणग्यांच्या बळावर मोफत फाउंडेशन वर्ष काढलं, पण ते कला आणि सामाजिक शास्त्रांपुरतं. विज्ञानाचा पाया महाग पडतो, हे दोन्हीकडे दिसतं.

इथून जाणाऱ्या मुलांना ते सरकारी कर्ज मिळत नाही आणि शुल्क स्थानिकांपेक्षा जास्त. काही विद्यापीठं आपल्या बारावीवर थेट घेतात, काही आधी फाउंडेशन करा म्हणतात. ज्याने बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र मन लावून केलं, त्याला तिथे लॉग आणि तरंग पुन्हा भेटतील. नवी मिळेल ती प्रयोगवहीची शिस्त आणि इंग्रजीत लिहिण्याचा सराव, आणि तीही थोडी गोष्ट नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवून बारावीच्या पुस्तकाशेजारी ठेवावा. धडे वेगळे निघाले तर ते वर्ष घ्यावं. तेच निघाले, तर ज्या वर्षाची किंमत आपण इथे एकदा चुकवली आहे, त्याचे पौंडांत पुन्हा पैसे मोजण्याआधी थेट घेणारं विद्यापीठ शोधावं.