शिरूर व दौंड तालुके : जागतिकीकरणाचे परिणाम

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, पर्जन्यछायेत येणारे दोन शेजारी तालुके. भीमा नदी त्यांना वेगळे करते. शिरूर गाव (जुने नाव घोडनदी) घोड नदीकाठी, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर वसले आहे. दौंड हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे जंक्शन असून मनमाडचा मार्ग इथून फुटतो. २०११ च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३,८५,४१४, तर दौंडची ३,८०,४९६ होती. परदेशी भांडवलाचे मोठे कारखाने, औषधे व रसायनांचा उद्योग आणि ऊस-कांद्याची बागायत ही तिन्ही इथे काही तासांच्या फेरीत पाहायला मिळतात. १९९१ नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेने कोणाला काय दिले, याचा हिशेब मांडायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

कारखानदारी : शिरूर तालुक्यातील रांजणगाव अष्टविनायकांपैकी महागणपतीमुळे आधीपासून प्रसिद्ध होते. नव्वदच्या दशकापासून तेथील औद्योगिक वसाहतीत इटलीच्या फियाट व कॅरारो, बेल्जियमची बेकार्ट, कोरियाची एलजी, अमेरिकी मूळची व्हर्लपूल अशा कंपन्या आल्या. जगातली उलथापालथ या वसाहतीत लगेच उमटते. १९९७ मध्ये थायलंडपासून सुरू झालेल्या आशियाई आर्थिक संकटानंतर कोरियाचा देवू समूह कोसळला. रांजणगावातील अँकर-देवूचा कारखाना २००७ मध्ये चीनच्या हायरने घेतला. फियाटने टाटा मोटर्सशी समान भागीदारी केली. पुढे फियाट नावाच्या मोटारी भारतात बंद झाल्या. त्याच कारखान्यातून २०१७ पासून जीप कंपास निघू लागली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या देशांत, म्हणजे जपान व ऑस्ट्रेलियातही गेली. टाटांची नेक्सॉनही इथलीच. २०२२ मध्ये केंद्राने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी दिली. प्रकल्पखर्च ४९२ कोटी ८५ लाख रुपये.

मालकी मात्र दूरचीच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅरारो इंडियाची १,२५० कोटींची, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजी इंडियाची ११,६०७ कोटींची समभागविक्री झाली. दोन्ही वेळा नवे समभाग काढलेच नव्हते. मूळ कंपनीने आपल्याकडचे विकले. त्यामुळे गुंतवणूकदारांनी मोजलेला पैसा रांजणगावच्या कारखान्यात न येता इटालियन व कोरियन मालकांकडे गेला. यात बेकायदा काही नाही. तरी कारखाना गावात असणे आणि कारखान्याचा नफा गावात असणे यांतले अंतर इतक्या स्पष्ट आकड्यांत सहसा दिसत नाही.

रोजगार व राहणीमान : जमीन संपादनाचा मोबदला, वाढलेले जमिनीचे भाव, गाड्या लावणे, कँटीन, भंगाराचा ठेका, कामगार पुरवण्याचा ठेका या वाटांनी गावात पैसा आला, हे नाकारता येत नाही. पक्की घरे, इंग्रजी माध्यमाच्या शाळा, खासगी दवाखाने वाढले. पण हा पैसा ज्यांच्याकडे रस्त्यालगत जमीन होती किंवा राजकीय वट होती त्यांच्याकडे अधिक गेला. भंगार आणि कामगार ठेक्यांवरून होणारी दमदाटी हा या पट्ट्यातला पोलिसांचा कायमचा विषय झाला आहे.

रांजणगाव, कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या गावांत अनेक शेतकऱ्यांनी उरल्या तुकड्यावर ‘खोल्या काढल्या’. पत्र्याची किंवा स्लॅबची ओळीने बांधलेली दहा बाय दहाची खोली, बाहेर सामाईक मोरी व संडास, प्रत्येक दारावर विजेचा सबमीटर, पाणी ठरलेल्या वेळेला किंवा टँकरने. एका खोलीत तिघे-चौघे राहतात. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याची वळकटी मोकळी होते. भाडेकरू मराठवाडा-विदर्भातले, तसेच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले. यांतले बहुतेक कंपनीच्या पटावर नसून ठेकेदाराकडे असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेनुसार ५० हून कमी कंत्राटी कामगार पुरवणाऱ्याला परवान्याचीही गरज नाही. ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना, हे राज्याचे धोरण असले तरी ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा रहिवासी. ज्याची जमीन गेली त्या घरातल्या आयटीआय झालेल्या मुलाला त्यातून वेगळा हक्क मिळत नाही. लोकवस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, यामुळे गटार, कचरा आणि पुणे-नगर रस्त्यावरची कोंडी हे प्रश्न कोणाच्याच आवाक्यात राहिलेले नाहीत.

दौंड : या तालुक्यातील कुरकुंभ वसाहत रसायने व औषधांची. सिप्ला, एमक्युअर, अल्काइल अमाइन्स यांचे कारखाने इथे आहेत. औषधांचे मूळ घटक इथून जगाच्या बाजारात जातात. सांडपाण्याचा वास, विहिरींचे बिघडलेले पाणी आणि अधूनमधून लागणाऱ्या आगी मात्र कुरकुंभ व आसपासच्या वस्त्यांच्या वाट्याला आल्या. पाण्याची कोंडी आणखी मोठी आहे. पुण्याचा माहिती-तंत्रज्ञान उद्योग आणि लोकवस्ती फुगत गेली तसा खडकवासला प्रकल्पाच्या पाण्यातला शहराचा वाटा वाढला आणि मुठा उजव्या कालव्याच्या आवर्तनासाठी दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांचे भांडण नेहमीचे झाले. बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी ‘बेबी’ म्हटल्या जाणाऱ्या जुन्या कालव्यात शेतीसाठी येते. मुळा-मुठेतून भीमेत उतरणारी घाण व जलपर्णी ही तर कोणत्याच करारात नसलेली आवक आहे.

शेती : दोन्ही तालुक्यांतल्या मोठ्या शेतकरीवर्गासाठी जागतिक बाजार म्हणजे कांदा आणि साखर. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, आखाती देश ही कांद्याची गिऱ्हाइके. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य व शुल्कासह ती उघडली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आणले आणि १ एप्रिल २०२५ रोजी ते काढले. दीड-पावणेदोन वर्षांत नियम निदान पाचदा बदलला. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. त्यात वजन घटते, कोंब येतात, सड लागते. भाव पाडणारा निर्णय चाळ भरल्यावर आला की शेतकऱ्याच्या हाती विकण्याशिवाय काही उरत नाही. साखरेचे तेच. २०२१-२२ च्या हंगामात निर्यातीवर १०० लाख टनांची मर्यादा आली, २०२३-२४ मध्ये निर्यात जवळपास बंदच राहिली. सहकारी कारखाने तर आधीपासूनच कर्जात अडकले होते. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना बंद राहून २०२२ मध्ये निराणी समूहाकडे भाडेपट्ट्याने गेला.

म्हणजे या भागात भांडवलाला येण्याजाण्याची वाट कायम खुली आहे, शेतमालाची मात्र शहरातल्या भाजीच्या भावाप्रमाणे उघडते व मिटते. कारखान्यांना सवलतींचे धोरण काही वर्षांसाठी बांधून मिळते. कांद्याचे रोप टाकण्याआधी त्या हंगामाचे निर्यातधोरण जाहीर करावे आणि चाळ रिकामी होईपर्यंत ते बदलू नये, एवढी तरी हमी शेतकऱ्याला मिळायला हवी.