वरच्या सभागृहातली आपली खुर्ची रिकामी झाली, तेव्हा कुणी विचारलं का?

वसमत रोडवरच्या कुठल्याही टपरीवर चहा घेताना एक प्रश्न टाकून बघा. परभणी जिल्ह्यात विधानसभेच्या जागा किती? लोक पटापट सांगतात: जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी. आता विचारा, विधान परिषदेत आपला माणूस कोण? एकदम शांतता. मग कुणीतरी म्हणतं, "ते मागच्या दाराचं हो, आपल्याला काय त्याचं?"

मित्रांनो, मला वाटतं आपल्याला त्याचं बरंच काही आहे. पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडा इतिहास. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि १९५२ ला आपल्या आज्या-पणज्यांनी पहिल्यांदा मत टाकलं, ते हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी. तिथं सभागृह एकच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. मुंबईत मात्र १९३७ पासून वरचं सभागृह चालू होतं. म्हणजे विधान परिषद ही गोष्ट आपण मागून घेतलेली नाही, नव्या घरात आलो तेव्हा ती आधीच तिथं होती. गंमत बघा, आपण ज्यांच्यापासून वेगळे झालो त्या आंध्रनं १९५८ ला परिषद आणली, १९८५ ला बंद केली आणि २००७ ला पुन्हा सुरू केली. महाराष्ट्रात ती कधी बंद पडली नाही.

आज परिषदेत ७८ सदस्य आहेत. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात. ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त.

आपला थेट संबंध त्यातल्या तीन जागांशी येतो. औरंगाबाद विभाग पदवीधर आणि औरंगाबाद विभाग शिक्षक या दोन जागा मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मिळून आहेत. तिसरी जागा खास आपली, परभणी-हिंगोली स्थानिक स्वराज्य संस्था. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पण या मतदारसंघात दोघं अजून एकाच घरात आहेत.

या तिसऱ्या जागेचे मतदार कोण? नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. दोन्ही जिल्हे मिळून पाचशेच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या ३० लाखांवर होती. ३० लाखांच्या वतीनं पाचशे जण मत देणार. म्हणून तर निवडणूक आली की घोडेबाजार, सहली, हॉटेलं असले शब्द कानावर येतात. मतदार थोडे असले की प्रत्येक मताला भाव येतो, मग पक्ष कुठलाही असो.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना यात मत नाही. शेजारच्या कर्नाटकात आहे! बीदर जिल्हा आपल्यासारखाच निजामाच्या राज्यातला. तिथला ग्रामपंचायत सदस्य वरच्या सभागृहासाठी मत देतो आणि आपल्या पालम, सोनपेठचा देत नाही. राज्यघटना एकच, पण कोणत्या राज्यात कुठल्या संस्थांना मत, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ठरतं. ती यादी संसद बदलू शकते.

जगात याहून वेगळंही चालतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वरच्या सभागृहासाठी २००६ पासून आठ विभाग आहेत आणि प्रत्येकातून पाच सदस्य. मेलबर्नच्या उपनगरात राहणारा साधा माणूस त्यासाठी थेट मत देतो. पूर्वी तिथंही मालमत्ता असणाऱ्यांनाच मत होतं, १९५० ला ते सगळ्यांना मिळालं. आपल्या जिंतूर रोडवरच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्याचं मत मात्र नगरसेवकाच्या खिशात असतं.

आता खरी गोष्ट. मे २०१८ ला या जागेवर शिवसेनेचे विप्लव बजोरिया निवडून आले, मूळचे अकोल्याचे. त्यांच्याआधी पाथरीचे बाबाजानी दुर्राणी होते. बजोरिया यांची मुदत जून २०२४ ला संपली आणि खुर्ची रिकामी झाली. लगेच निवडणूक का नाही? कारण मतदारच नव्हते!

२०२२ च्या मध्यापर्यंत जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका सगळीकडे मुदती संपून प्रशासक बसले होते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता. निवडणूक आयोगाचा दंडक असा की किमान ७५ टक्के संस्था अस्तित्वात हव्यात आणि ७५ टक्के मतदार हवेत. नगरसेवक नाहीत म्हणून मतदार नाहीत, मतदार नाहीत म्हणून आमदार नाही. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत स्थानिक निवडणुका घ्या असं सांगितलं, तेव्हा कुठं चाक हललं.

म्हणजे गल्लीतली नाली तुंबली तर सांगायला नगरसेवक नाही, आणि तोच धागा मुंबईपर्यंत तुटलेला. परभणीत यावर किती मोर्चे निघाले? मला तरी एकही आठवत नाही.

"असला काय, नसला काय," असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. ७२ च्या दुष्काळात आपल्याकडच्या बायामाणसांनी खडी फोडून घर चालवलं, हे घरोघरी ऐकलंय. त्या रोजगार हमी योजनेमागचा विचार वि. स. पागे यांचा. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. पुणे पदवीधरमधून निवडून येणारे ग. प्र. प्रधान याच सभागृहात १८ वर्षं होते. मागचं दार म्हणा, पण त्या दारातून अशी माणसंही आत गेली. दार राखणारे झोपले तर कोण शिरेल, ते दाराच्या हातात नसतं.

राहिला पदवीधर मतदारसंघ. तिथं मत थेट आपलं. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असली की नमुना १८ भरायचा. पण प्रत्येक निवडणुकीला यादी नव्यानं होते, जुन्या यादीत नाव होतं म्हणून चालत नाही. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. घराघरात पदवीधर आहेत, पण यादीत किती? माझं स्वतःचं नाव मागच्या वेळी नव्हतं. "भरू, भरू" म्हणत तारीख गेली. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

म्हणून दोनच विनंत्या. घरातल्या पदवीधरांची यादी करा आणि नोंदणी सुरू झाली की अर्ज भरा. आणि नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य भेटला की रस्ता-नालीबरोबर एवढंही विचारा, "परिषदेला मत कुणाला देणार, आणि का?" मतदान गुप्त असतं, तो सांगणार नाही कदाचित. पण आपलं कुणीतरी बघतंय, एवढं तरी त्याला कळेल.

तुमच्या घरात किती जणांची पदवीधर म्हणून नोंद आहे, कमेंटमध्ये लिहा. खरा आकडा लिहा, शून्य असला तरी.